कासवाचं उत्तर

मनुष्यजन्म दुर्मिळ आहे. चौऱ्याऐंशी लक्ष योनींची पायपीट केल्यावर तो एकदा हाती लागतो, आणि लागल्यावर ‘हा मला कशासाठी मिळाला?’ असं विचारण्याची छाती लाखात एखाद्याचीच असते. घोडेगावचे भांड्यांचे व्यापारी मिश्रीलालशेठ यांची ती झाली. मंचरच्या थेटरात, मध्यंतराला, तोंडात पॉपकॉर्न असताना.

पिक्चर कासवाचा होता. त्याला नाव काहीतरी भारदस्त होतं, पण अख्खा तालुका त्याला ‘कासवाचा पिक्चर’च म्हणे. पाठीवर सात डोंगर आणि एक नांदतं राज्य वाहणारं हजारो वर्षांचं कासव, आणि उडत्या घोड्यावरून त्याच्या भेटीला आलेला राजपुत्र. पहिला अर्धा पिक्चर कासवाला डोळे उघडायलाच लागला. डोळे उघडून त्याने राजपुत्राला एवढंच विचारलं, “तू कशासाठी आलास?” आणि थेटरात दिवे लागले.

शेठ ताडकन उभे राहिले.

“अगं झमकू, हे मला आजवर कोणी विचारलंच नाही!”

“काय?” झमकूबाईंनी विचारलं.

“की तू कशासाठी आलास!”

“मी विचारते की. तुम्ही स्वयंपाकघरात आलात की रोज विचारते.”

पण शेठ आता टोमण्यांच्या पलीकडे गेले होते. साठ वर्षं आपण ताटं, वाट्या, पिंपं विकली, ती कशासाठी? त्यांचे कान तापले, छाती धडधडू लागली. उजवा हात वर करून ते मागच्या चार रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “जीवनाचं प्रयोजन सापडेपर्यंत माझा चहाचा त्याग!”

व्यापारी माणूस जोखीम घेतो ती तोलून. प्रश्न मध्यंतराच्या आधी पडला, म्हणजे उत्तर मध्यंतराच्या नंतर असणारच. तेवढा वेळ चहा सोडायला कितीसं लागतं? त्यातून थेटरातला तो चहा एकदा प्यायलेल्याला तर काहीच लागत नाही.

झमकूबाई मात्र सावरून बसल्या. त्यांच्या घराण्यात त्याग म्हणजे त्याग. माहेरी कोण्या पणजोबांनी भेंडी सोडली होती. का सोडली हे आता कोणालाच ठाऊक नाही, पण त्या घरात भेंडी अजून शिरलेली नाही. “हात जोडा,” त्या म्हणाल्या. शेठनी हात जोडले. नवकार म्हणून झाला, रीतसर पच्चक्खाण, म्हणजे त्यागाचा नियम घेणं, झालं. मुलगा अंकित आणि सून चेतना साक्षीला होतेच.

उत्तरार्ध भलताच रंगला. राक्षस आले, वितळले. शेवटी राजपुत्र कासवापुढे गुडघे टेकून म्हणाला, “तूच सांग, आम्ही कशासाठी आलो?” वारा थांबला. सात डोंगर थांबले. कासवाने सावकाश, अतिशय सावकाश, तोंड उघडायला घेतलं.

आणि शेठ उठले.

त्यांचा काही दोष नव्हता. पिक्चर संपायच्या आत गाडी बाहेर काढायची हा त्यांचा बाणा होता. नंतर निघालेला माणूस दोन ट्रॅक्टर आणि एका उसाच्या ट्रॉलीमागे अडकतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. “चला, चला, चला!” म्हणत त्यांनी अंकितचं मनगट धरलं, चेतनाची पर्स उचलली, आणि सगळं कुटुंब विजयी मुद्रेने सर्वांच्या आधी घोडेगाव रस्त्याला लागलं.

पहिल्या गतिरोधकावर शेठना आठवलं.

“अंकित, कासव काय म्हणालं रे?”

“पप्पा, तुम्हीच तर ओढत बाहेर काढलं.”

“चेतना?”

“मी तुमच्या हातातल्या माझ्या पर्सच्या मागे धावत होते, पप्पा.”

झमकूबाई खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणाल्या, “नियम घेतलाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल नेहमीसारखी पेटली, पण चहाचं आधण चढलं नाही. शेठ दुकानात येऊन बसले. समोरच्या हॉटेलातून आल्याचा वास आला आणि त्यांच्या डाव्या डोळ्यामागे कोणीतरी घण घालायला लागलं. आता प्रश्न तत्त्वज्ञानाचा राहिला नव्हता.

अंकितने मोबाईलवर शोध घेतला. जगभरच्या लोकांनी लिहिलं होतं, ‘शेवट बघून अंगावर काटा आला’, ‘शेवट बघून रडलो’. आणि खाली सगळ्यांनीच लिहिलं होतं, ‘शेवट सांगणार नाही, थेटरात जाऊन बघा.’

“एवढी माणसं काट्यांनी भरलीत आणि एकही बोलत नाही?” शेठ कळवळले.

तेवढ्यात डिंभ्याचा गेणू आला. शेतकरी माणूस, शेठचं जुनं गिऱ्हाईक. त्याला भाचीच्या लग्नात द्यायला स्टीलचं पिंप हवं होतं.

“गेणूभाऊ, कासवाचा पिक्चर पाहिला का?”

“पायला की! लई भारी हाये, शेठ. त्यो राक्षस इतळतो तवा तर आमची ही खुर्चीवरच उभी राह्यली.”

“मग शेवटी कासव काय म्हणालं?”

गेणूचा चेहरा पडला. “शेवट कुठला बघताय? आमची एश्टी चुकली असती की. कासवानं त्वांड उघडलं आन् आमी फाटकाच्या भाईर.”

शेजारच्या चपलांच्या दुकानातले सुनीलभाऊ धावत आले. त्यांनीही शेवट पाहिला नव्हता, गाडी काढायला उठले होते. शाळेतल्या उज्ज्वलामॅडम गर्दीच्या आत जिना उतरायला उठल्या होत्या. तासाभरात बाजारपेठ पिंजून झाली. पिक्चर सगळ्यांनी पाहिला होता आणि शेवट एकानेही नाही. आपल्याकडे जीवनाचं प्रयोजन गाडी लावायच्या जागेपाशी येऊन अडलं होतं.

“शेठ, तेवढं पिंपावर नाव घाला,” गेणू म्हणाला. “श्रेया हिस मामाकडून सप्रेम भेट.”

शेठनी नावं कोरायचं मशीन सुरू केलं. घर्रर्र आवाज थेट डाव्या डोळ्यामागे जाऊन बसला. कोरून झाल्यावर गेणूने पिंप उजेडात धरलं आणि अक्षरं लावत वाचलं, “श्रेया हिस मामाकडून... कशासाठी?”

त्याने पिंप खाली ठेवलं.

“शेठ, ह्ये मांडवात वाचून दावत्यात हो,” गेणू म्हणाला. “भाची रडंल आन् तिची आई मला उभा चिरंल!”

शेठनी दुसरं पिंप काढलं. पहिलं त्यांनी घरी नेलं आणि दुपारी जेवताना सरळ मार्गाने एक प्रयत्न करून पाहिला.

“झमकू, सापडलं प्रयोजन. परोपकार!”

“छान,” झमकूबाई म्हणाल्या. “मग गेणूभाऊंना ते दुसरं पिंप फुकट द्या.”

शेठनी घास चावला. बराच वेळ चावला. “परोपकार नसावा,” ते म्हणाले.

संध्याकाळी ‘आत्मशोध’ आणला. “मग शोधा,” झमकूबाई म्हणाल्या, “सापडला की सांगा.” तिसऱ्या दिवशी सकाळी ‘सेवा’ आणली, तेव्हा त्यांनी नुसतं भांड्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. झमकूबाई एरवी इतक्या तुसड्या नव्हत्या. पण या दोन दिवसांत त्यांची जीभ सुरीसारखी झाली होती. धर्माचं तेज असावं, असं शेठनी मनाशी ठरवलं.

त्यात सुनीलभाऊंनी बातमी आणली: उद्या पिक्चर बदलणार. आज शेवटचा दिवस.

मग मात्र बाजारपेठ उसळली. दुकानांची शटरं खाली आली. तीन जीपगाड्या ठरल्या. खेळ दुपारचाच धरायचा होता, कारण झमकूबाईंचा चोविहार. दिवस मावळल्यावर त्या पाण्याचा थेंबही घेत नसत. डिंभ्याहून गेणू घरची चार माणसं घेऊन आला. “आज कुनी उठायचं न्हाई!” तो टपावर हात आपटत ओरडला. “एश्टी गेली तरी चालंल, रातच्याला पायी जाऊ!” शेठ पुढच्या जीपमध्ये चालकाशेजारी बसले होते आणि डोकं ठणकत असूनही त्यांना विशीतल्यासारखं वाटत होतं. अख्खं घोडेगाव त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आणायला निघालं होतं.

थेटर भरलं. राक्षस वितळले तेव्हा कोणाचंही लक्ष नव्हतं. राजपुत्राने गुडघे टेकले. सवयीने सुनीलभाऊंचा हात खिशात गाडीची किल्ली शोधायला गेला, तो उज्ज्वलामॅडमनी धरून ठेवला. शेठचे पाय आपोआप ताठ झाले होते. अंकितने त्यांचे खांदे दाबून धरले. डोअरकीपरने नेहमीच्या वेळेला दरवाजे उघडले. एकही माणूस बाहेर येईना, तेव्हा आत काही विपरीत घडलं की काय म्हणून बिचारा बॅटरी घेऊन डोकावला.

“दार लाव!” शंभर माणसं एकदम ओरडली.

कासवाने मान बाहेर काढली. तोंड उघडायला घेतलं. उघडलं. पूर्ण उघडलं. शेठनी श्वास रोखला. कासवाच्या घशातून डोंगर हलल्यासारखा आवाज आला, “तुम्ही सगळे... इथे... आलात...”

पडदा काळा झाला. त्यावर सोनेरी अक्षरं उमटली: ‘उत्तरासाठी पाहा, भाग दुसरा.’

मग मागून गेणूचा आवाज आला, “आरं, कासवच त्ये! टायम लावनारच की राव!”

“दुसरा भाग कधी येतो रे?” शेठनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

“दोन-तीन वर्षं तरी जातील, पप्पा,” अंकित म्हणाला. “ग्राफिक्सचं काम असतं.”

गर्दी हलली. माणसं तावातावाने भांडत, हसत, कासवाच्या मागच्या पिढ्यांचा उद्धार करत बाहेर पडली. शेठ मात्र खुर्चीतच बसून राहिले. दोन-तीन वर्षं. पहाटेचा चहा गेला, दुकान उघडल्यावरचा गेला, दुपारच्या झोपेनंतरचा, तो तर सगळ्यांत मोठा, तोही गेला. आयुष्यात पहिल्यांदाच थेटरातून ते सर्वांत शेवटी निघणार होते आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं.

झमकूबाईंनी त्यांची बाही ओढली. उघड्या दारातून तिरपं पिवळं ऊन आत आलं होतं. त्या उजेडात शेठना प्रथमच दिसलं, की झमकूबाईंचे डोळे तांबारले आहेत आणि कपाळावर बामाचा जाड थर आहे.

“तुला काय झालं?” शेठ चपापले.

“काय व्हायचंय? तुम्ही उपाशी डोळ्यांनी बघणार, आणि मी समोर बसून भुरके मारणार होय? मी पण तीन दिवस चहा तोंडाला लावलेला नाही.” त्यांनी एकदा दाराकडे, बुडत्या सूर्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “अहो, एखादं बारकंसं प्रयोजन सांगून टाका ना. मी लगेच पटवून घेते.”