वीबे पाण्यात, बहिणी काठावर

"तो मफलर काढ बघू," केकचा डबा सायकलच्या टोपलीत ठेवत मिंके म्हणाली. "एप्रिल संपत आला. लोक हसतील."

"तुझ्या बहिणीने विणलाय," तिचा नवरा वीबे म्हणाला. "तिच्याचकडे निघालोय, तर तिला बरं वाटेल."

"म्हणजे मस्का लावायला चाललायस!"

"कुणीतरी लावायला नको का? तू तर लावणार नाहीस."

यावर मिंकेने नुसतीच सायकलची घंटी वाजवली.

मिंके आणि दौत्सन सख्ख्या बहिणी. नेदरलंड्समधल्या फ्रीसलंडच्या सपाट कुरणांत एकमेकींपासून दोन गावं सोडून राहायच्या. आई गेल्यावर तिचं भिंतीवरचं घड्याळ दौत्सनकडे गेलं. "तुझ्या घरात ते चालतसुद्धा नाही," एवढं एकच वाक्य मिंकेच्या तोंडून निसटलं, आणि दोन वर्षं दोघींचं बोलणं बंद झालं. मागच्या आठवड्यात मात्र दौत्सनचा फोन आला. "शनिवारी हवा बरी असली तर या कॉफीला." दौत्सनच्या तोंडून हे म्हणजे जवळजवळ माफीच. फक्त, कॉफीला उशिरा येणारा माणूस तिच्या लेखी दरोडेखोराहून फारसा वेगळा नव्हता.

हवा बरी होती, पण वारा नेमका समोरून. कुरणात पिवळ्या फुलांचा सडा पडला होता, कोकरं उगाचच उड्या मारत होती, टिटव्या डोक्यावरून ओरडत जात होत्या. वीबे प्रत्येक टिटवीसाठी थांबला. त्यामुळे कालव्यापाशी पोचेपर्यंत उशीर झालाच.

"पुलावरून वळसा नको," तो म्हणाला. "इथून तराफ्याने जाऊ. ते बघ, दौत्सनचं घर समोरच आहे."

हा तराफा ज्याचा त्याने चालवायचा. कालव्याच्या तळाशी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत साखळी टाकलेली. ती तराफ्यावरच्या दातेरी चाकातून जाते. दांडा फिरवला की तराफा पुढे सरकतो.

"जमेल ना तुला?" मिंकेने विचारलं.

"अगं, मी जन्मभर लोण्याच्या कारखान्यात यंत्रं सांभाळली! मला यंत्र शिकवतेस?"

"मग आधी तू एकटा जा. केक माझ्याकडेच राहू दे."

वीबेने सायकल चढवली आणि ऐटीत दांडा फिरवायला सुरुवात केली. बरोबर मध्यावर आल्यावर बदकीण आणि तिच्यामागे पिलांची रांग दिसली. ती मिंकेला दाखवायला तो वाकला. मफलरचं टोक चाकात गेलं. हात दांडा फिरवतच होता. पाहता पाहता वीबेचं नाक चाकाला टेकलं.

"काय करतोयस?" काठावरून मिंके ओरडली.

"काही नाही! चाक तपासतोय!"

त्याने कशीबशी मान सोडवून घेतली. मफलर मात्र दात्यांत असा घट्ट बसला, की चाक पुढेही जाईना आणि मागेही येईना.

तेवढ्यात एका बाजूने एक होडी आली, दुसऱ्या बाजूने दोन. कालवा अरुंद, मध्ये तराफा, आणि दांड्याने ओढून तळातून वर ताणली गेलेली साखळी. सगळे थांबले. एकाने उलटं फिरवा म्हणून सांगितलं, दुसऱ्याने तेल घाला म्हणून. तिसऱ्या होडीतल्या बाईंनी वीबेला चीज लावलेला पाव दिला. तेवढाच काय तो उपयोगाचा सल्ला.

इतक्यात पलीकडच्या काठावर दौत्सन सायकलवरून आली. पाव चावणाऱ्या मेव्हण्याकडे तिने पाहिलं, मग पाण्यापलीकडच्या बहिणीकडे. दोन वर्षांनी दोघी समोरासमोर आल्या होत्या.

"कॉफी निवली," दौत्सन म्हणाली.

"मी पुलावरून चल म्हणत होते," मिंके म्हणाली. "हा ऐकेल तर ना! चाकात मफलर घातलाय यानं!"

"माझा? अगं बाई, दुहेरी लोकर आहे ती! बैल बांधला तरी तुटायची नाही!"

"बैल नाही, हाच बांधला गेला होता!"

दौत्सन आधी खोकली. मग ते हसू असल्याचं सगळ्यांच्या लक्षात आलं. "आणि तुझ्या लग्नात," ती ओरडली, "माईकची वायर पायात अडकवून याने सगळा मंडप अंधारात घातला होता, आठवतंय?"

"आठवतंय म्हणजे! आणि वर म्हणतो, यंत्रं मला शिकवू नका!"

"मी इथेच आहे हं," वीबे म्हणाला. कुणी लक्ष दिलं नाही.

"चल पुलाकडे," दौत्सन म्हणाली. "मी या काठाने येते. ताजी कॉफी करू."

दोघी निघाल्या. एक या काठाने, एक त्या काठाने, मधलं पाणी ओलांडून वीबेच्या चुका एकमेकींकडे फेकत.

बऱ्याच वेळाने शेतकरी उबेले वल्ही मारत आला. त्याने काठावरच्या खुंटाची साखळी सैल केली. ती तळाला गेली आणि अडकलेल्या होड्या निघून गेल्या. मग खिशातून चाकू काढून तो तराफ्यावर आला.

"मफलर कापतो. पाच मिनिटांत काठावर असशील."

वीबे काही बोलणार, तोच दौत्सनच्या बागेतून हसण्याचा आवाज आला. वारा तिकडूनच होता, त्यामुळे सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. दोघी एकाच वेळी बोलत होत्या, कपबश्या वाजत होत्या. घड्याळाचं नावही कुणी काढत नव्हतं.

"कुणाबद्दल चाललंय एवढं?" उबेलेने विचारलं.

"माझ्याबद्दल. आत्ता कुठे हनीमूनपर्यंत आल्यात." वीबेने पाय लांब करून उन्हात पाठ टेकवली. "नंतर बरंच आहे अजून. तू असं कर उबेले, जेवून ये निवांत."

"आणि तू?"

"मी तिथे पोचलो, तर त्या बोलणार कशाबद्दल?"