मॅक, विंडोज आणि टाइपबाईंचा डावा हात

"आई, मॅकच घे," छोटी म्हणाली.

"आई, विंडोजच घे," दादा म्हणाला.

टाइपबाईंनी एवढंच म्हटलं होतं की, एक लॅपटॉप घ्यावा म्हणते. त्यांच्या हातातला घास हातातच राहिला आणि जेवणाच्या टेबलाची तेवढ्यात वाटणी झाली. दादा विमा कंपनीत हिशेब बघायचा आणि त्याचा सगळा जन्म विंडोजवर गेला होता. छोटी पुस्तकांची मुखपृष्ठं करायची. ती पलीकडच्या गल्लीत राहायची आणि आईला बघायला म्हणून रोज बरोबर जेवायच्या वेळेला यायची. बहीण-भावांचं लहानपणी खिडकीजवळच्या खुर्चीवरून भांडण व्हायचं. ती खुर्ची मोडल्यापासून दोघांना भांडायला म्हणावा तसा विषय मिळाला नव्हता.

टाइपबाई हे नाव काही त्यांना घरच्यांनी दिलेलं नव्हतं. थोरल्या वकिलांच्या ऑफिसात त्या उभी हयात टाइप करत बसल्या. पक्षकार वकिलांना साहेब म्हणत आणि यांना टाइपबाई, आणि काम लवकर हवं असलं की साहेबांच्या आधी टाइपबाईंना नमस्कार करत. त्यांचं यंत्र काळं, लोखंडी, दोघांनी मिळून उचलायचं. त्या काळी यंत्र निवडायचा प्रश्नच नसायचा. ऑफिसात असेल त्याच्यापुढे बसायचं. फीत विटली की उलटी फिरवायची, कार्बनच्या शेवटच्या प्रतीवरही अक्षर उमटावं म्हणून बोट आपटायचं. ओळ संपत आली की घंटी वाजे. मग डावा हात उचलायचा, दांडीला लावायचा आणि गाडा झटक्यात उजवीकडे सारायचा. नजर मात्र शेजारच्या मजकुरावरून हलवायची नाही. टाइपबाई निवृत्त झाल्या त्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांचा डावा हात मात्र निवृत्त व्हायचा राहून गेला होता.

थोरले वकील गेले आणि ऑफिस धाकट्या वकिलांकडे आलं. त्यांचा परवाच फोन आला होता. ऑफिसातली मुलं टाइप भराभर करतात, पण परिच्छेद कुठे पाडायचा ते कुणाला कळत नाही, सबंध करारनामा एका दमात वाचावा लागतो, अशी त्यांची तक्रार होती. ते फोनवर बोलून मजकूर पाठवणार, टाइपबाईंनी घरी बसून टाइप करून परत पाठवायचा, असं जमेल का? सोमवारपासून. नाही जमलं तर सोमवारीच काम बाहेर द्यावं लागेल.

टाइपबाईंनी हो म्हणून टाकलं. धाकटे वकील पुढे "आणि यंत्राचं..." असं काहीतरी म्हणायला लागले, तर त्यांनी मध्येच तोडलं.

"यंत्राची काळजी तुम्ही नका करू," त्या म्हणाल्या.

याच धाकट्या वकिलांनी लहानपणी त्यांच्या यंत्राची सगळी बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबून अक्षरांच्या काड्या एकमेकींत अडकवून ठेवल्या होत्या आणि त्या सोडवण्यात टाइपबाईंची अख्खी दुपार गेली होती. त्या पोराकडे यंत्र मागायचं त्यांच्या जिवावर आलं.

घरी त्यांनी हे सगळं सांगितलंही. पण ते ऐकायला कुणाला सवड होती? त्यांनी आधी सोपा मार्ग काढून पाहिला. दादाचा लॅपटॉप संध्याकाळी नुसताच पडलेला असतो, तो तासभर मिळाला तरी त्यांचं काम भागलं असतं.

"तो ऑफिसचा आहे आई," दादा म्हणाला. "घरच्या कामाला नाही वापरता येत."

"हे घरचं काम नाहीये."

"म्हणजे तुझा विरंगुळा गं."

विरंगुळा हा शब्द टाइपबाईंनी घासाबरोबर गिळला. छोटीला विचारण्यात अर्थ नव्हता. ती आपल्या मॅकला कुणाला हातसुद्धा लावू देत नसे. टिचकी मारल्यासारखी तिची बटणं दाबायची रीत पाहून टाइपबाईंना नेहमी वाटे, ही लिहितेय की कुणाला हळूच उठवतेय?

पुढचे दोन दिवस घरात दुसरं बोलणं नव्हतं. दादाचं म्हणणं, जग विंडोजवर चालतं, अडलं तर कोपऱ्यावर दहा माणसं सांगणारी भेटतात. छोटीचं म्हणणं, मॅक उघडावा आणि कामाला लागावं, आणि दिसतोही किती छान. दादाने विचारलं, दिसायला छान म्हणून घ्यायचा तर तो काय खिडकीचा पडदा आहे? छोटी म्हणाली, दादाच्या लॅपटॉपकडे बघून असं वाटतं की एखाद्या दिवशी तो स्वतःचाच विमा उतरवून घेईल. सूनबाई शाळेत शिकवायच्या, त्यामुळे दोघांना एकदम बोलताना ऐकायची त्यांना सवय होती. त्यांनी एकदाच विचारलं की आईंना काय हवंय ते कुणी विचारलं का. दोघंही म्हणाले, तेच तर विचारतोय, आणि पुन्हा आपापलं सांगू लागले.

टाइपबाईंनी मग बाहेर चौकशी केली. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी मॅक सांगितला, कारण त्यांच्याकडे मॅक होता. समोरच्या शिंप्याने विंडोज सांगितला, कारण त्याच्या जावयाकडे विंडोज होता आणि जावयाला चुकीचं ठरवणं त्याला परवडण्यासारखं नव्हतं. कोणता घेऊ म्हणून विचारलं की माणूस आपण घेतला तोच कसा बरोबर होता ते सांगतो, हे टाइपबाईंच्या लक्षात आलं. थोरल्या वकिलांकडे साक्षीदारही असेच बोलायचे.

शनिवारी दुपारी सूनबाईंनी तोडगा काढला. दोन्ही लॅपटॉप टेबलावर ठेवायचे, आईंनी दोन्हींवर अर्धं अर्धं पान टाइप करायचं, हाताला बरा लागेल तो घ्यायचा. आपला पक्ष जिंकतोय म्हटल्यावर दादाला ऑफिसचा नियम आठवला नाही आणि छोटीने स्वतःचा मॅक स्वतः आणून ठेवला. टाइपबाईंनी जुना एक करारनामा शोधून काढला, डावीकडे पुस्तकाला टेकवून उभा केला, पाठ ताठ केली आणि मनगटं उचलली.

विंडोजची पाळी आधी. पहिल्या ओळीतच टेबलावरच्या चमच्यांना कंप सुटला.

"आई, हळू," दादा म्हणाला. "बटणं आहेत ती, खिळे नाहीत."

"कार्बनची शेवटची प्रत..." टाइपबाई सुरुवात करत होत्या, पण त्यांनी पुढचं गिळलं. ओळ संपत आली. घंटी काही वाजली नाही. ओळीचा अंदाज त्यांच्या हाडात भिनलेला, म्हणून त्यांनी तोंडानेच बारीक "टिंग" केलं, डावा हात उचलला आणि उजवीकडे सारला. हात पडद्याच्या कडेवर बसला, लॅपटॉप टेबलावर गर्रकन फिरला आणि सूनबाईंकडे तोंड करून थांबला.

छोटी हसून हसून खुर्चीवर बसली. दादाने लॅपटॉप जागेवर आणला आणि गंभीरपणे सांगितलं की या मशीनमध्ये ओळ आपली आपण खाली जाते. टाइपबाई ओशाळल्या. आता नाही होणार म्हणाल्या, आणि खरंच पुढच्या सगळ्या ओळी हात मांडीखाली दाबल्यासारखा आवरून टाइप केल्या. असं टाइप करताना मजकुराकडे लक्ष राहत नव्हतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मॅकची पाळी आली तेव्हा सूनबाईंनी चहा आणला. टाइपबाईंचा कप त्यांनी डाव्या हाताला, पुस्तकाच्या अलीकडे ठेवला. आई दमल्यासारख्या दिसत होत्या म्हणून, सूनबाईंच्या मनात दुसरं काही नव्हतं. मॅकची बटणं टाइपबाईंच्या हाताला बरी लागली. मजकूरही रंगत गेला. लिहून देणार, लिहून घेणार, चतुःसीमा, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस सामाईक भिंत. जुनं ऑफिस डोळ्यांपुढे उभं राहिलं. आतून थोरल्या वकिलांचा खाकरण्याचा आवाज, दाराशी ताटकळलेले पक्षकार, फितीचा वास. ओळ संपत आली.

"टिंग," टाइपबाई म्हणाल्या.

डाव्या हाताने कप दांडीसारखा धरला नाही, पण सारला मात्र अगदी दांडीसारखा. अख्खा चहा मॅकच्या बटणांवर गेला.

छोटीने मॅक झडप घालून उचलला आणि उलटा धरला. त्यातून चहाची धार लागली ती शेजारी ठेवलेल्या विंडोजच्या दिशेने वाहू लागली. दादाने विंडोज दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि मागे उडी मारली. त्याची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये होती आणि मधला भाग छोटीच्या खुर्चीच्या पायाखाली. दादा मागे गेला, लॅपटॉप काही त्याच्याबरोबर आला नाही. तो फरशीवर कोपऱ्यावर पडला आणि त्याच्या पडद्यावर एक बारीक चीर इकडून तिकडे धावत गेली.

मग घरात शांतता झाली. दोन दिवसांत पहिल्यांदाच दोन्ही पक्षांचं एकमत झालं होतं.

दुरुस्तीवाल्याकडे दोघं बहीण-भाऊ एकाच रिक्षातून गेले, पण दोन टोकांना बसून. टाइपबाई मध्ये. दुरुस्तीवाल्याने दोन्ही मशीन उघडून पाहिली आणि बुधवारच्या आधी काही सांगता येणार नाही म्हणाला. टाइपबाईंनी संधी साधून विचारलं की त्याच्या मते दोन्हींत चांगलं कोणतं. तो म्हणाला, मावशी, माझ्याकडे येतात ती बहुतेक माणसांनीच बिघडवलेली असतात, त्यामुळे मी मशीनबद्दल बोलत नाही. टाइपबाईंनी डावा हात पदराखाली घेतला.

रविवार वाईट गेला. दादा ऑफिसला काय कळवायचं याचे मसुदे मनात करत येरझारा घालत होता. "घरगुती अपघात" इथपर्यंत त्याची मजल गेली होती. छोटीचं एक मुखपृष्ठ सोमवारी द्यायचं होतं आणि ते मॅकमध्ये होतं, मॅक दुरुस्तीवाल्याकडे होता. ती जेवायला आली, पण वाढून घेऊन गॅलरीत बसली. टाइपबाईंसाठी लॅपटॉप आणायला दुकानात जायचं होतं, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आणि टाइपबाईंनी कुठल्या तोंडाने काढायचा?

दोन वाजायच्या सुमाराला त्या आतल्या खोलीत गेल्या, दार लोटलं आणि धाकट्या वकिलांना फोन लावला. काम सोडायचं हे ठरवूनच लावला. इतक्या वर्षांत त्यांनी कामाला एकदाही नाही म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते कसं म्हणतात हे त्यांना माहीत नव्हतं.

"यंत्राची सोय काही झाली नाही," त्या कशाबशा म्हणाल्या. "तुम्ही बाहेर द्या काम."

"अहो टाइपबाई," धाकटे वकील म्हणाले, "मी त्या दिवशी तेच सांगत होतो. ऑफिसचं यंत्र उद्या सकाळी तुमच्याकडे येतंय. तुम्ही बोलूच देईनात. लहानपणीही नाही द्यायचात."

टाइपबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांची चाल बदलली होती. त्यांनी गॅलरीपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं की सोय झाली, यंत्र उद्या येतंय. दादा थांबला. छोटी ताट घेऊन आत आली.

"कुठलं?" दोघांनी एकदमच विचारलं.

"विचारलं नाही," टाइपबाई म्हणाल्या.

सोमवारी सकाळी वकिलांचा कारकून लॅपटॉप घेऊन आला, तेव्हा दादाने ऑफिसला उशिरा येतो म्हणून कळवलेलं होतं आणि छोटी नाश्त्याच्या निमित्ताने हजर होती. कारकुनाने झाकण उघडलं. दादाचा चेहरा आधी पडला. छोटीचा उजळायला लागला आणि मध्येच थांबला. पडद्यावर जे होतं ते दोघांनीही कधी वापरलेलं नव्हतं.

"हे विंडोज नाही," दादा म्हणाला.

"मॅक पण नाही," छोटी म्हणाली.

"लिनक्स आहे," कारकून म्हणाला. "आमच्याकडे सगळीकडे हेच. साहेबांच्या मेव्हण्यांनी बसवून दिलंय."

ज्या गोष्टीबद्दल आपल्याला काडीचंही माहीत नाही तिच्याबद्दल घरात मत द्यायचं, तर निदान समोर त्याहून कमी माहिती असलेलं माणूस लागतं. इथे तसं कुणी उरलं नव्हतं. कारकुनाने कुठे दाबायचं, कुठून पाठवायचं ते टाइपबाईंना दाखवलं. त्यांनी एकदाच ऐकून घेतलं, आणि कानाला लावायचं ते लावून कामाला बसल्या. धाकट्या वकिलांचा खाकरण्याचा आवाज अगदी थोरल्या वकिलांसारखा होता.

घरात इतकी शांतता कित्येक वर्षांत झाली नव्हती. बटणांचा आवाज तेवढा येत होता. दादा कपडे करून निघाला, दारापर्यंत गेला आणि परत आला.

"आई, तुझं झालं की अर्धा तास देशील? एक तक्ता पाठवायचाय. साहेब खवळलेत."

"माझं आधी," छोटी म्हणाली. "निदान प्रकाशकाला एक मेल तरी लिहू दे, आई. जुनी प्रत माझ्या मेलमध्ये आहे, ती जोडून देते."

टाइपबाईंनी कानावरचं बाजूला केलं. एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा मुलीकडे.

"ऑफिसचा आहे रे हा," त्या म्हणाल्या. "घरच्या कामाला नाही वापरता येत."

दादा काहीतरी म्हणणार होता. सूनबाईंनी शाळेत वापरतात ती नजर वापरली, आणि तो बूट घालायला लागला. टाइपबाईंनी कानाला लावायचं ते पुन्हा लावलं आणि बोटं चालू केली. ओळ संपत आली.

"टिंग," त्या म्हणाल्या.

डावा हात उठला आणि ऐटीत उजवीकडे गेला. वाटेत त्याला काहीच लागलं नाही. सूनबाई चहाचा कप हातात धरून पलीकडे उभ्या होत्या.