पंखांच्या बैलाची शंका

ज्याच्या दारातला नंदी प्रत्येकाचे गाऱ्हाणे कान टवकारून पुरते ऐकून घेतो, त्या ग्रामदैवत श्रीसिद्धरामेश्वराला प्रथम वंदन. जिभेवर वाणी ठेवणाऱ्या शारदेला दुसरे वंदन. आणि ती वाणी वेळेवर आवरण्याची बुद्धी ज्यांना लाभली, त्या सज्जनांना तिसरे. कारण आजच्या कथेतल्या गृहस्थाला ती लाभली नव्हती.

सोलापुरात गुरुलिंगप्पा नावाचे एक शिवभक्त राहतात. होटगी स्थानकावर चौतीस वर्षे त्यांनी पार्सल खात्यात काढली. कुठून आले आणि कुठे जायचे, हे ज्यावर लिहिलेले नाही असे गाठोडे दिसले की त्या दिवशी त्यांना भाकरी गोड लागत नसे. नोकरी सुटली, ती खोड सुटली नाही.

आषाढात त्यांची नात काव्या स्कूटीवरून पडली आणि पायाला प्लास्टर घालून अज्जांच्या घरी येऊन राहिली. दुपारभर ती टीव्हीवर हिंदीत बोलणारी एक परदेशी मालिका पाहत असे. निळ्या डोंगरांचे राज्य, हद्दपार झालेली राणी आणि तिला पाठीवर घेऊन उडणारा एक पांढराशुभ्र, पंखांचा बैल. गुरुलिंगप्पा चहा घेऊन जाताना थबकले. शिवाच्या वाहनाशी इतके साम्य असलेले जनावर परमुलखात काय करते आहे, एवढेच जाणून घ्यावे, म्हणून ते चहा निवेपर्यंत खुर्चीवर टेकले. (चहा सहा पर्वे आणि चौपन्न भाग निवत राहिला.)

त्यांच्या पत्नी नागम्मा भाकऱ्यांची टोपली घेऊन मधून जात. एकदा त्या थांबून म्हणाल्या, "इतकं उडतंय बिचारं. त्याला पाणी कोण दाखवतं?"

"तू जरा बाजूला हो," गुरुलिंगप्पा म्हणाले. "इथे राज्य बुडत आहे."

शेवटचा भाग आला. राणीला गादी मिळाली, ती तिने एका द्वारपालाला देऊन टाकली. हा द्वारपाल आधी तीनदा दिसला होता, त्यातही दोनदा पाठमोरा. आणि बैल? बैलाने पंख पसरले, समुद्रावर गेला, लहान होत होत ठिपका झाला. मग नावे वर सरकू लागली.

"एवढंच?" गुरुलिंगप्पांनी विचारले.

"एवढंच, अज्जा. सगळं जग चिडलंय."

"जगाचं राहू दे. बैल कुठे गेला?"

काव्याने फोनवर जगाचा संताप दाखवला. लोक स्पिन-ऑफ मागत होते. मूळ कथेतले एखादे पात्र उचलून त्याची वेगळी मालिका करतात, त्याला तसे म्हणतात, हे तिने समजावून सांगितले.

"म्हणजे उपकथा," गुरुलिंगप्पांच्या जिवात जीव आला. "आपल्या पुराणांत तर एकेका शापाची उपकथा असते. मग बैलाची निघेलच."

मागणीच्या अर्जावर त्यांनी काव्याकडून आपले नाव घालून घेतले, पुढे 'निवृत्त पार्सल लिपिक' असेही लिहायला लावले. तेव्हापासून रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा आटोपली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे.

"बैलाचं काही कळलं का गं?"

पंधरा दिवसांनी कळले. कंपनीने एक स्पिन-ऑफ जाहीर केला होता, तो राजवाड्यातल्या आचाऱ्यावर.

"आचाऱ्यावर?" गुरुलिंगप्पा हताश होऊन म्हणाले. "तो एकदा मीठ टाकताना दिसला होता."

असो. श्रावण उजाडला. गल्लीत चंद्रव्वाच्या ओसरीवर महिनाभर दिवेलागणीला शिवकथेची पोथी लावतात. गुरुलिंगप्पांच्या वडिलांनी ती वाचली, त्यांच्यामागे अकरा वर्षे हे वाचत आले. आधी ओवी म्हणायची, मग तिचा अर्थ सांगायचा. त्या ओसरीचा एक जुना नियम आहे. अध्याय संपला की श्रोत्यांनी शंका विचाराव्यात, आणि एकाही श्रोत्याची शंका उरली असेल तोवर पोथीवर वस्त्र झाकायचे नाही. वस्त्र झाकल्याशिवाय प्रसाद नाही. वाचणाऱ्याने एकदा जरी शंका टाळली, तरी पुढच्या वर्षी चौरंग दुसऱ्याचा. चौरंगावर बसण्याचा तो मान हे गुरुलिंगप्पांचे सर्वस्व होते.

नवव्या दिवशी नंदीचे वर्णन आले. शिंगे झाली, वशिंड झाले, गळ्यातल्या घंटा झाल्या. गुरुलिंगप्पांचे डोळे मिटलेले होते आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे काय उभे राहिले ते तुम्ही ओळखले असेलच.

"आणि मग त्या वृषभाने," ते तल्लीन होऊन म्हणाले, "आपले विशाल पंख पसरले."

पुढच्या सतरंजीवरून चंद्रव्वाने विचारले, "पंख?"

त्या क्षणी चूक झाली म्हटले असते, तर ही कथा इथेच संपून तुम्ही आपापल्या कामाला लागला असता. पण चौरंगावर बसून चूक म्हणणे फार अवघड असते.

"आता उल्लेख केला आहे," गुरुलिंगप्पा म्हणाले. "विस्तार पुढे येईल."

दुसऱ्या दिवशी अध्याय संपताच चंद्रव्वाचा हात वर. "गुरुलिंगप्पा, त्यो पंखाचा बैल उडून कुटं गेला, तेवडं सांगा."

नेमका तोच प्रश्न. स्वतः महिनाभर ज्याचे उत्तर शोधत होते, ते उत्तर आता देणे भाग होते. त्यांनी घसा साफ केला आणि बैलाला समुद्रापलीकडच्या बेटावर उतरवले. तिथे एक आंधळी म्हातारी होती. तिला बैलाची चाहूल लागली. एवढ्यावर त्या दिवशी वस्त्र झाकले गेले.

मग मात्र ओसरी पुरेना. अकरा श्रोत्यांचे चाळीस झाले. लुंगीवरचे पुरुष दाराशी उभे राहू लागले. एक दिवस कुणीतरी पोथीपुढे फुलांशेजारी हिरव्या कडवळाच्या चाऱ्याची पेंढी ठेवून गेले, आणि गुरुलिंगप्पांना ती भक्तिभावाने उचलून घरी आणावी लागली. (घरी ती कोण खाणार, हा प्रश्न नागम्मांनी विचारला.) बैलाच्या शिंगांना माणके लागली, बेटावर सात दरवाजे निघाले, सातव्या दरवाजामागून कुणाचा तरी हुंदका ऐकू येऊ लागला. हुंदका कुणाचा, हे गुरुलिंगप्पांनाही ठाऊक नव्हते. उद्या बघू, असे ते मनाशी म्हणत.

"मामंजी हीच पोथी वाचायचे," एका सकाळी नागम्मा शेंगाची चटणी कुटता कुटता म्हणाल्या. "तेव्हा बैलाला पंख नव्हते."

"त्या काळी अर्थ इतका खोल जाऊन सांगत नसत," गुरुलिंगप्पा म्हणाले आणि उखळाकडे न पाहता बाहेर गेले.

पाहता पाहता अमावास्या आली. समाप्तीचा दिवस. आचारी दुपारीच येऊन प्रसादाची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, शिजवून गेला होता. पोथीचे दोन अध्याय उरले होते आणि त्याखेरीज बैल, म्हातारी, सात दरवाजे व एक हुंदका. गुरुलिंगप्पांनी अध्याय वाचले. मग गाडी सुटायच्या बेताला पार्सले डब्यात ढकलावीत, तसे सगळे एका दमात ढकलले. दरवाजे आपोआप उघडले. आत कुणी नव्हते. तो वारा होता. बैलाचे पंख गळाले. म्हातारीला दिसू लागले. "आणि तो वृषभ," त्यांनी हात जोडले, "तिथेच सुखाने राहिला."

कुणी हात जोडले नाहीत. आतून हुग्गीतल्या वेलदोड्याचा वास येत होता.

"एवडंच?" चंद्रव्वा म्हणाली.

गुरुलिंगप्पांनी वस्त्र उचलले.

"थांबा की. वारं हुतं म्हनता, मग हुंदका कुनी दिला? म्हातारीला दिसाया लागलं, तर ती घरी का गेली न्हाय? शंका हाय आमची."

"माझीबी हाय," दाराशी कुणी म्हणाले. मग ओसरीभर हात वर झाले.

वस्त्र हातात राहिले. चौतीस वर्षांच्या नोकरीत ज्यांनी बिनपत्त्याचे गाठोडे पुढे जाऊ दिले नाही, त्यांच्यापुढे आता स्वतः बांधलेली अर्धा डझन गाठोडी पडली होती. चौरंग तर गेलाच, निदान पोथीचा शब्द तरी स्वच्छ राहावा, म्हणून त्यांनी उठून पोथीपुढे डोके टेकले.

"आई-बायांनो," ते म्हणाले, "पोथीत पंख नाहीत. बैल आमच्या काव्याच्या टीव्हीतला. तिथे तो मधेच उडून गेला, माझ्या मनाला चुटपुट लागली. नंदीचे वर्णन करताना तोंडून निघून गेले. पुढचे सगळे माझ्या मनाचे. पुढच्या वर्षी चौरंग कुणाला द्यायचा ते तुम्ही ठरवा."

चंद्रव्वाने पदर सारखा केला.

"ते आमाला पयल्या दिवशीच कळलं की. माज्या सुनंनं समदे भाग बघितल्यात, मीबी तिच्याशेजारी बसून बघितल्यात. शेवट लई भिकार केला मेल्यांनी. म्हनलं, गुरुलिंगप्पा तरी नीट करत्याल. म्हनून आलो."

"सगळे?" गुरुलिंगप्पांनी विचारले.

चाळीस माना हलल्या.

"आनि तुमचा शेवट," चंद्रव्वा मायेने म्हणाली, "त्येंच्यापरीस भिकार हाय."

काव्या आता काठी टेकत चालत होती. ती खांबाआड तोंड लपवून उभी होती.

"पोथी तुमीच वाचा, तिला तुमच्यावानी आवाज दुसऱ्याला न्हाय," चंद्रव्वाने निवाडा दिला. "पर बैलाचं कुनीतरी सांगितल्याबिगर वस्त्र पडायचं न्हाय. नागम्मा, तू सांग. त्यो कुटं गेला?"

नागम्मा हुग्गीचे पातेले धरून उंबऱ्यात उभ्या होत्या. पातेले खाली न ठेवताच त्या म्हणाल्या, "पाणी प्यायला."

गुरुलिंगप्पांनी हातातले वस्त्र खाली ठेवले.

"चौपन्न भाग उडवलं त्याला. एकानं घोटभर पाणी दाखवलं नाही. यांनी माणकं दिली, दरवाजे दिले. पाणी यांनीही नाही दिलं. तहानलेलं जनावर कुठे जाईल? बेटावर त्या म्हातारीची विहीर असणार. तिनं पोहरा सोडला, ते प्यालं. कुणीतरी विचारलं म्हणून रडू आलं त्याला. हुंदका त्याचाच. आणि म्हातारी घरी कशी जाईल? रोज पाणी कोण दाखवणार?"

चंद्रव्वाने एकदा डोळे पुसले आणि मान डोलावली. शंका उरली नव्हती. गुरुलिंगप्पांनी पोथीवर वस्त्र झाकले आणि पहिल्यांदाच चौरंगावरून उतरून श्रोत्यांच्या पंगतीत, अगदी शेवटच्या पानावर जाऊन बसले.

नागम्मा वाढत वाढत त्यांच्यापर्यंत आल्या. हुग्गी वाढली, वर तुपाची धार धरली.

"अगं," गुरुलिंगप्पा हळूच म्हणाले, "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगत होते. तुम्ही म्हणालात, बाजूला हो, राज्य बुडत आहे."

श्रोतेहो, कथा एवढीच. ज्याने ऐकली, ज्याने वाचली, त्याच्या घरी पोथी उघडी न राहो आणि चूल थंड न राहो. दाराशी आलेल्या प्रत्येक जिवाला, पंखांच्या आणि बिनपंखांच्या, तुमच्या अंगणात पाणी मिळो. घराघरात ज्या माउलीचे बोलणे अर्धे राहिले असेल, ते ऐकणारा तिला भेटो. आणि श्रीसिद्धरामेश्वर तुम्हा सर्वांचे, तुमच्या लेकरांचे, गोठ्याचे आणि उंबरठ्याचे कल्याण करो.