साहेबांची निष्कीटक खुर्ची

परदेशात माल ज्या लाकडी खोक्यांतून जातो, त्या लाकडात कीड नसावी असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आतला माल कसा आहे, हे तो नियम विचारत नाही. आमच्या गंगाखेडच्या विजयमालाबाई पांचाळ यांनी गुळाची खोकी नियमाप्रमाणे आपल्या भट्टीत गाभ्यापर्यंत तापवली. आता तपासणी होऊन त्यांवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का उमटला, की ट्रक बंदराकडे निघणार होता. ट्रक चुकला तर जहाज चुकणार, आणि बाईंची ही पहिलीच परदेशी ऑर्डर.

तपासणीस आदिनाथराव आले. साहेबाला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवणे आमच्याकडे शोभत नाही. म्हणून बाईंचे दीर सिताराम यांनी सोसायटीच्या कचेरीतली अध्यक्षांची लाकडी खुर्ची डोक्यावरून आणून वर टॉवेल अंथरला होता.

खोकी निर्दोष निघाली. साहेबांनी बसल्या बसल्या शिक्का उचलला आणि बुडाखालून कुर्रकुर्र ऐकू आले. वाकून पाहिले तर खुर्चीखाली पिवळ्या भुशाची रास.

उचललेला शिक्का साहेबांनी तसाच खाली ठेवला. प्रक्रिया केलेल्या लाकडाशेजारी विनाप्रक्रिया लाकूड सापडल्यामुळे सर्व खोकी पुन्हा भट्टीत घालावीत, असे साहेबांनी सांगितले.

"सायब, लाकूड कुठलं, ती तर तुमची खुर्ची हाय," बाई म्हणाल्या.

"कीड हुद्दा पाहत नाही."

"मग खुर्चीच घालते भट्टीत. तुमी जरा उठा."

पण भट्टीत फक्त वेष्टनाचे लाकूड घालता येते, आणि खुर्ची हे वेष्टन आहे काय, याबद्दल नियम मौन होता. साहेबांनी वरिष्ठांना फोन लावला. वरिष्ठांनी बराच विचार करून निर्णय दिला: खुर्चीत अधिकारी भरलेला असतो, सबब ती वेष्टनच समजावी.

खुर्ची भट्टीत गेली. साहेब उभ्याने चहा प्यायले. बाहेर आलेल्या खुर्चीच्या पाठीवर ओंबीचा शिक्का बसला, मग खोक्यांवर बसला, आणि साहेब पुन्हा खुर्चीत बसले.

सितारामांनी त्यांना खुर्चीसकट वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "वेष्टनाचं झालं सायब. आतल्या मालाचं कसं?"

"आतल्या मालाची तपासणी," साहेब गंभीरपणे म्हणाले, "नियमात नाही."

ट्रक वेळेवर गेला. खुर्चीच्या शिक्क्याची बातमी मात्र तालुकाभर पसरली, आणि हल्ली बाईंच्या भट्टीपुढे खोक्यांपेक्षा खुर्च्यांचीच रांग लय मोठी असते. सोनपेठहूनसुद्धा येतात.

हे आपण बसूनच वाचत असाल. खुर्चीची काळजी नसावी, ती आम्ही तापवून देऊ. बाकीचे नियमात नाही.