गोल्फ क्लबचा आजीव सदस्य

यादी सकाळी साडेदहाला साहेबांच्या खोलीतून निघाली आणि साडेअकराला कोरीच्या कोरी देवरावांच्या टेबलावर येऊन पडली. देवरावांनी ती उलटून पाहिली, मागेही आकडा नव्हता.

यवतमाळच्या त्या कचेरीत यादी फिरण्याची एक रीत होती. पूरग्रस्तांचा निधी असो, कोणाचा निरोपसमारंभ असो, यादी वरून खाली यायची. साहेब एक आकडा टाकत. डेप्युटी साहेब त्याच्या थोडा खालचा टाकत, ओव्हरसियर त्याच्याही खालचा. शेवटी हेडक्लार्क असा आकडा टाकायचा की मानही राहावा आणि महिनाही निघावा. वरच्यापेक्षा जास्त लिहिणं हा उद्धटपणा आणि फारच कमी लिहिणं हा त्याहून मोठा उद्धटपणा. ही शिडी होती म्हणून सगळ्यांचं बरं चाललं होतं.

नवे साहेब मात्र सुधारक निघाले. ते पुण्याकडचे, आणि त्यांना गोल्फचा नाद. आल्या आल्या त्यांनी गोदामामागच्या गायरानात रस्त्याच्या मजुरांकडून नऊ खड्डे खणून घेतले. गायरानात गवत कसलं, नुसता मुरूम. मग खड्ड्याभोवती वाळू आणि जळकं तेल कालवून थोडी जागा चोपून काढली. तिला साहेब हिरवळ म्हणत. आता क्लब काढायचा होता. किमान वर्गणी पाच रुपये, आणि एकशे एक देईल तो आजीव सदस्य, त्याचं नाव संगमरवरी शिळेवर. कोणावर दडपण नको म्हणून साहेबांनी आपला आकडा लिहिलाच नाही. "ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवावं," असं ते म्हणाले.

आपल्या मनाने ठरवायची सवय कचेरीत कोणालाच नव्हती. डेप्युटी साहेबांनी यादी पाहिली आणि खाली पाठवली. ओव्हरसियर देवीलाल यांनी ती पाहिली आणि आणखी खाली पाठवली. हेडक्लार्कच्या खाली मात्र ती जाणार नव्हती, कारण खालच्यांना क्लबात प्रवेशच नव्हता. शिडी उलटी झाली होती आणि पहिला आकडा देवरावांनी टाकायचा होता.

यादीच्या मागोमाग देवीलालही टेबलाशी आले.

"बडे बाबू, पाच लिवा," ते हळूच म्हणाले. "तुमी पाच लिवले तं मी सात लिवतो, डेप्युटी साहेब अकरा लिवते. समदे जगते. तुमी पंचवीस लिवले तं मले पन्नास लिवा लागते. माह्या घरी तीन पोरी हायेत, बावा."

"अन् माही फाइल?" देवराव म्हणाले.

देवराव दोन वर्षांपासून हंगामी हेडक्लार्क होते. त्यांना कायम करण्याची फाइल साहेबांच्या टेबलावर डाव्या हाताला पडली होती, आणि साहेब उजव्या हाताने गोल्फची काठी पुसत बसत.

"फाइल आपल्या पायानं चालते," देवीलाल म्हणाले. "तुमी पाच लिवा."

खरं म्हणजे देवरावांचं गणित आधीच सुटलेलं होतं. घरी डब्यात एकशे सहा रुपये होते, आणि त्यातल्या एकशे एकांना हात लावायचा नव्हता. वस्तीत बुद्धविहार बांधायला घेतला होता. चार भिंती उभ्या होत्या, टिनाचं छत बाकी होतं. जो एकशे एक देईल त्याच्या घरच्या एका गेलेल्या माणसाचं नाव विहारात शिळेवर कोरायचं ठरलं होतं. देवरावांची आई इंदूबाई दीड वर्षापासून त्या डब्यावर राखण करत होती. देवरावांचे वडील छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरला पायी जाऊन दीक्षा घेऊन आले आणि पुढच्या उन्हाळ्यात गेले. आधीची चार भावंडं जगली नाहीत म्हणून त्यांना जन्मताच उकिरड्यावर ठेवलं होतं आणि नाव ठेवलं होतं उकंडा. हे नाव जन्मभरात लिहिलं गेलं ते फक्त रस्त्याच्या कामावरच्या हजेरीपटात, तेही पेन्सिलीने.

"दगडावर आलं पायजे," इंदूबाई म्हणायची. "पेन्सिल पुसते."

म्हणजे गोल्फला उरत होते पाच. देवरावांनी टाक उचलला. विहाराची यादीही त्यांच्याच टेबलावर होती. समितीचा भीमराज संध्याकाळी ती न्यायला येणार होता, आणि पहिली नोंद कचेरीच्या चांगल्या शाईत करावी असं त्यांच्या मनात होतं. दोन्ही याद्या देवरावांनीच केलेल्या. अनुक्रमांक, नाव, रक्कम, सही. यादी करायची दुसरी कुठली पद्धत असू शकते हे त्यांना मान्यच नव्हतं. वरच्या पानावर मजकूर, खालच्या पानावर रकाने, आणि कोपऱ्यात भोक पाडून दोरीची गाठ, तीही पहिली नोंद झाल्यावरच.

देवीलालच्या देखत त्यांनी एका पानावर 'श्री. देवराव उकंडा मुनेश्वर' असं लिहून पुढे पाच मांडले. देवीलाल निःश्वास टाकून गेले. मग त्यांनी दुसऱ्या पानावर तेच नाव जास्त मन लावून लिहिलं आणि पुढे एकशे एक मांडले. लिहिताना त्यांचे डोळे भरून आले. त्या भरल्या डोळ्यांनीच त्यांनी दोन्ही गाठी मारल्या, आणि गोल्फचं वरचं पान विहाराच्या रकान्यांना लागलं, विहाराचं गोल्फच्या.

शिपाई खेमसिंग एक यादी वर घेऊन गेला. संध्याकाळी भीमराज दुसरी घेऊन गेला. गाठी पक्क्या होत्या. देवरावांच्या गाठी कधी सुटत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवीलाल आले ते टेबलावर हात आपटतच.

"माह्या डोळ्यादेखत पाच लिवले तुमी! अन् मागून एकशे एक? काहून? म्या तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"एकशे एक?" देवराव म्हणाले.

"आता मले एकशे अकरा लिवा लागले. डेप्युटी साहेबानं एकशे एक्कावन लिवले अन् तुमचं नाव घेऊन शिवी देल्ली. म्या आईकली. मोठी होती."

देवराव उठले. चूक सांगून टाकावी, यादी परत घ्यावी, नवी करावी, असं ठरवून ते साहेबांच्या दाराशी गेले. तर साहेब स्वतःच उठून उभे राहिले आणि त्यांनी देवरावांचा हात हातात घेतला. या कचेरीत आजवर कोणत्याही साहेबाने देवरावांचा हात हातात घेतला नव्हता. कोणी त्यांच्या हातून पाण्याचा पेलाही घेत नसे, ते दिवस देवराव अजून पुरते विसरले नव्हते.

"मुनेश्वर, मला वाटलं होतं या गावात खेळाडू वृत्तीच नाही. तुम्ही मला खोटं पाडलंत."

"साहेब, त्यात एक चूक झाली..."

"चूक माझी झाली. ही फाइल मी इतके दिवस ठेवून घेतली." साहेबांनी डाव्या हाताची फाइल उघडली, शिफारशीची ओळ लिहिली आणि सही ठोकली. "नम्रपणा पुरे. क्लबाचे खजिनदार तुम्हीच. स्वतःची वर्गणी आजच जमा करून मुहूर्त करा."

ओल्या शाईची ती सही देवरावांनी पाहिली. एक वाक्य बोललं की ती खोडली जाणार होती. ते वाक्य त्यांच्या तोंडात आलं, तिथे थोडं थांबलं आणि परत गेलं. देवरावांना आपली लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच ते "हो साहेब" म्हणाले.

दुपारी ते घरी गेले. डबा इंदूबाईनेच काढून दिला.

"नेऊन राह्यला काय विहाराले?" ती म्हणाली. "थांब." तिने नोटा निळ्या फडक्यात बांधल्या, त्या गाठोड्याला हात लावून तो कपाळाला लावला, आणि ते देवरावांच्या हातात दिलं.

कचेरीत येऊन देवरावांनी खजिनदार म्हणून देवरावांकडून एकशे एक रुपये घेतले आणि देवरावांना पावती दिली. निळं फडकं त्यांनी घडी करून खिशात ठेवलं.

तिन्हीसांजेला भीमराज विहाराची यादी घेऊन ओसरीवर आला. जिनिंगमधून तो तसाच आला होता, केसांत कापूस होता.

"भाऊ, हे काय केलं तुमी? सायबाच्या कचेरीतला माणूस, अन् पाच रुपये? लोकायनं पाह्यलं अन् हात आखडला. तानाबाईनं तीन लिवले. तिच्या खाली दोन, मंग एक. शेवटी शेवटी तं आठ-आठ आने हायेत. समदी वस्ती मिळून त्रेचाळीस रुपये. एवढ्यात अर्धं बी छत होत नाही."

वस्तीचीही एक शिडी होती, आणि तिच्या वरच्या पायरीवर देवराव होते. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

इंदूबाई दारात येऊन उभी राहिली. चुलीपुढून देवरावांची बायको जया उठून आली. मग सांगावंच लागलं. देवरावांनी सगळं सांगितलं. पानं, गाठी, साहेबांचा हात, सही.

"गोल्फ म्हंजे काय असते, अवो?" जयाने विचारलं.

"गोटी असते. ते काठीनं हानाची अन् गड्ड्यात टाकाची."

"मंग?"

"मंग काढाची अन् दुसऱ्या गड्ड्यात टाकाची."

"असे किती गड्डे?"

"नऊ."

"अन् शेवटच्या गड्ड्यात काय सापडते?"

"काही नाही."

"एकशे एक रुपयात एखादा गड्डा तं आपल्या नावानं केला असंन," जया म्हणाली आणि भाकर करपत होती म्हणून आत गेली. इंदूबाईने रिकामा डबा घासला, पालथा घातला आणि त्या दिवसापासून देवरावांशी बोलणं कामापुरतं ठेवलं.

पुढचे तीन महिने देवराव दर रविवारी सकाळी गोल्फ खेळले. क्लबाचे खजिनदार तेच, त्यामुळे त्यांना सुट्टी नव्हती. साहेब दाखवत तशी ते काठी धरत, साहेब सांगत तसं वाकत, आणि गोटी शेजारच्या तुरीत जाऊन पडे. मग साहेब आणि ते तुरीत फिरत. गाई चरायच्या थांबून त्यांच्याकडे पाहत. वस्तीतली माणसं त्याच वाटेने कामाला जात आणि पाहायचं टाळत. ते टाळणं देवरावांना गाईंच्या पाहण्यापेक्षा जास्त लागे.

तीन महिन्यांनी साहेबांची चांद्याला बदली झाली.

तेव्हा देवरावांना कळलं की यादीत लिहिणं आणि पैसे देणं या कचेरीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देवीलालनी एकशे अकरा लिहिले होते, दिले नव्हते. डेप्युटी साहेबांचे एकशे एक्कावन्नही यादीतच होते. "साहेब लोक येते अन् जाते," देवीलाल शांतपणे म्हणाले. "म्या वाट पाहून राह्यलो होतो." साऱ्या क्लबात रोख भरलेला माणूस एकच होता, तो म्हणजे खजिनदार. आणि त्या रोखीतून साहेबांनी सगळ्यात आधी शिळा मागवली होती. तिच्यावर पैसे भरलेल्यांचीच नावं कोरायची, असा त्यांचा हुकूम होता.

साहेब गेल्याच्या चौथ्या दिवशी शिळा आली. पाथरवट जलाल ती सायकलरिक्षात घालून कचेरीच्या दारात घेऊन आला. पांढराशुभ्र दगड. वर 'गोल्फ क्लब', त्याखाली 'आजीव सदस्य', त्याखाली '१. श्री. देवराव', जागा पुरली नाही म्हणून खालच्या ओळीत 'उकंडा मुनेश्वर', आणि पुढच्या सदस्यांसाठी भरपूर मोकळी जागा.

नवे साहेब व्हरांड्यात येऊन पाहून गेले. "ही पीडा कोणाची आहे?" त्यांनी विचारलं. खेमसिंगने देवरावांकडे बोट दाखवलं. "मग त्यांनी घरी न्यावी."

देवराव शिळेसोबत जलालच्या रिक्षामागून चालत घरी आले. ओसरीवर शिळा टेकवली तशी इंदूबाई बाहेर आली. तिला वाचता येत नव्हतं. तिने पदराने दगडावरची धूळ पुसली.

"याच्यात तुह्या बापाचं नाव हाय काय?"

देवरावांनी तिचं बोट धरून शेवटच्या ओळीवर ठेवलं. इंदूबाईने एकेका अक्षरात बोट घातलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिने देवरावांकडे नीट पाहिलं.

"खोल हाय," ती म्हणाली. "अन् याच्या वरतं काय हाय?"

"माहं नाव. अन् त्याच्या वरतं ते... गड्ड्याचं."

इंदूबाई जलालकडे वळली.

"बापू, वरचं समदं काढता येते काय?"

"छिलता येते, माय. जागा थोडी खोल दिसन, लेकिन निघते."

"मंग काढ. एवढंच ठेव." तिने शेवटच्या ओळीवरचा हात उचलला नाही.

"माय," देवराव म्हणाले, "माहं नाव तं राहू दे. पैसे माहे हायेत."

"तुहं नाव कचेरीत हाय नं. कायम झालं म्हंते नं आता." ती हे रागाने बोलली नाही.

जलाल दोन दिवस खपला. कोरायला जेवढे घेतले होते त्याच्या निम्मे त्याने काढायला घेतले, आणि स्वतःचं नाव खोडायचे पैसे देवरावांनी पगारातून मोजून दिले. भीमराज म्हणाला, शिळा लागन म्हणलं होतं, कोणाचीच लागली नाही, हे लागू द्या. विहाराच्या अर्धवट छताखाली, पाऊस पोचणार नाही अशा बाजूला ती बसवली. वर मोठा खरवडलेला खळगा आणि त्याखाली 'उकंडा मुनेश्वर'. इंदूबाईने तिथे दोन फुलं ठेवली आणि म्हणाली, "आता बरोबर झालं."

देवरावांना मात्र चैन पडेना. वीस वर्षांची कचेरीची सवय. एवढी मोठी खाडाखोड, आणि शेजारी कोणाची सही नाही. कोणी उद्या विचारलं तर? त्यांनी जलालला बाजूला घेतलं.

"जलालभाई, त्या खोडलेल्या जागेच्या बाजूले लहानशी सही कोराची असंन तं काय घेसान? दोनच अक्षरं. 'दे' अन् 'मु'."

"दो अक्षर? आठ आने द्या, बाबूजी."

देवरावांनी खिशात हात घातला. आठ आण्यांबरोबर ते निळं फडकं बाहेर आलं. समोर इंदूबाई फुलं सारखी करत बसली होती. फडकं त्यांनी तिच्याजवळ नेऊन ठेवलं, आणि आठ आणे विहाराच्या पेटीत टाकले.

"काय टाकलं?" भीमराजने यादी उघडून विचारलं. "लिवून घेतो."

"काही नाही," देवराव म्हणाले. "लिहू नोको."