मालकांपुढे टेकायचं नाही

रिठदच्या जानराव देशमुखांच्या बैठकीत टेकून बसायचा मान एकट्या देशमुखांचा. बाकी कोणीही येवो, कंबर मोडली तरी पाठ ताठ ठेवायची. असं असून मोटर घेतल्यापासून सहा महिने डायवर दौलतसिंग त्यांच्या डोळ्यांपुढे खुशाल टेकून बसत होता, आणि ते कोणाला खटकलं नाही. खटकलं ते त्यांच्या मेव्हण्यांना, जगदेवरावांना, पहिल्याच फेरीत.

"भाऊजी, हा गडी तुमच्याकडं पाठ करते ते करते, वरून टेकते बी?"

झालं. देशमुखांच्या गळ्याखाली घास उतरेना. त्यांनी दौलतसिंगाला बोलावलं.

"पुढच्या सीटची पाठ काढून टाक."

"मालक, टेकल्याबिगर ब्रेक दाबल्या जात नाही. पाठीचा जोर लागते."

"तुले कायले जोर लागते? बंडीवाल्याले कोणती पाठ असते?"

दौलतसिंगाला बोलून नोकरी घालवायची नव्हती. मानोऱ्याकडच्या तांड्यातले गोविंदसिंग आपली लेक हिरी त्याला द्यायला तयार झाले होते, ते देशमुखांची मोटर हाकणारा जावई मिळतो म्हणूनच. हिरीला त्याने दोनदाच पाहिलं होतं, पण तेवढ्यात त्याची तहानभूक हरपली होती. आणि जावयाची मोटर बघायला गोविंदसिंग उद्याच येणार होते. करतो काय बिचारा? पान्हा घेतला आणि आपल्याच हाताने चार बोल्ट सोडले. देशमुखांनी ती गुबगुबीत पाठ बैठकीत नेली आणि लोड काढून तिथे ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी मालक शिरपूरला निघाले. प्रत्येक खड्ड्याला दौलतसिंगाच्या कण्यातून कळ जायची. नाल्याच्या उतारावर म्हशी आडव्या आल्या. त्याने ब्रेकवर पाय रोवला. ब्रेक होता तिथेच राहिला, दौलतसिंगच मागे सरकला आणि देशमुखांच्या मांडीवर डोकं ठेवून आभाळ बघत पडला. म्हशींना अक्कल होती, त्या बाजूला झाल्या. मोटर नाल्यातल्या दगडावर जाऊन आदळली.

"ऊठ," देशमुख म्हणाले. "टेकू नको म्हटलं, त निजला."

"मालक, म्या सांगतलं व्हतं—"

"वरून तोंड चालवते."

मोटर काही केल्या सुरू होईना. जवळच्या वावरात देशमुखांचा सालदार उदयसिंग वखर चालवत होता. तोही दौलतसिंगाच्याच तांड्यातला गडी. त्याने आपली जोडी आणून मोटरीला जुंपली. दौलतसिंग पाठ ताठ ठेवून चाक धरून बसला, आणि वरात रिठदकडे परतली.

आता खरी गंमत पुढेच. आजवर मोटर जायची तेव्हा लोक रामराम घालेपर्यंत धुळीत बुडून जायचे. आज ती बैलांच्या चालीने चालली, म्हणून जो तो थांबला, वाकला, मालकांचा चेहरा डोळे भरून बघत राहिला. देशमुखांनी एकेकाचा रामराम सावकाश घेतला. गाव येईपर्यंत त्यांचा राग पार निवळला होता.

दारात गोविंदसिंग नवा फेटा बांधून उभे होते.

"मोटर बिघडली का, मालक?"

"बिघडते कायले? आता कुठं नीट चालून राह्यली. ना धूर, ना धूळ. उद्यापासून अशीच काढतो." देशमुख खाली उतरले. "दौलतसिंग, तू आता येऊ नको. चाक धराले कोणीबी चालते."

 याच माणसासाठी आपण आपल्या हाताने बोल्ट सोडले, याचा दौलतसिंगाला असा संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं.

"मामा, आयका तरी माहं," तो गोविंदसिंगांना म्हणाला. त्याने ब्रेकचं सांगितलं, पाठीचं सांगितलं, म्हशींचंही सांगितलं.

गोविंदसिंगांनी सगळं ऐकून घेतलं. मान हलवली, हळहळलेसुद्धा. मग बैल सोडत असलेल्या उदयसिंगाजवळ जाऊन त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुयं लगन झालं का, बापू?"