चंद्राक्काचा चिमटा

झोपलेल्या तान्ह्या पोराला चिमटा काढणारी बाई मी उभ्या निपाणीत एकच पाहिली, चंद्राक्का. लाडानं नव्हे हो, चांगला पिरगळून! पोर किंचाळलं की बाईच्या तोंडावर समाधान. आणीबाणीच्या सुमारास तिनं माझ्या गिरणीला लागून बालवाडी काढली. पहिल्यांदा हा प्रकार बघितला तेव्हा माझ्या हातातला पिठाचा डबाच सुटला.

तंबाखूच्या वखारीत कामाला जाणाऱ्या बायका पोरं तिच्या स्वाधीन करायच्या. सरकारचा पैसा नाही, खेळणी नाहीत. हिनं रिकामे डबे, दोऱ्याची रिळं, करवंट्या गोळा केल्या आणि पोरांपुढं ओतल्या. बडवा म्हणे! त्या गोंगाटात गिरण चालू आहे की बंद, हे मला तिच्या फिरत्या पट्ट्याकडं बघून कळायचं. कुरकुर केली तर म्हणायची, "गप पोर बरं न्हवं, अण्णा." वर पोरांच्या आंबिलीसाठी माझ्याकडूनच नाचणी फुकट दळून घ्यायची. बाई डोक्यानं जरा सरकलेली आहे, असं माझं ठाम मत होतं.

एका सकाळी शांता म्हणून एक नवी बाई आली. मुलीला झोळीत ठेवलं, "लई गुणी हाय, दिवसभर उठत न्हाय," म्हणाली आणि वखारीकडं पळाली. चंद्राक्कानं चिमटा काढला. मुलगी हलली नाही. पुन्हा काढला. ओठ निळसर दिसले. मग ही पन्नाशीची बाई पोरीला छातीशी धरून अनवाणी जी दवाखान्याकडं धावली! मी गिरण तशीच टाकून मागं.

डॉक्टर म्हणाले, अफू. पोरानं कामात आडवं येऊ नये म्हणून मोहरीएवढी चाटवतात, आज जास्त झाली. आपल्या गावात? रोज? बऱ्याच वेळानं आतून पोरीचं रडणं ऐकू आलं. तेवढ्यात वखारीत निरोप मिळालेली शांता धापा टाकत पोचली, आणि माझं डोकंच फिरलं. आई आहेस की कसाई, असं तोंडाला येईल ते बोललो.

चंद्राक्कानं माझा दंड धरला.

"नका बोलू तिला, अण्णा. मीबी चाटवलतं. माझा उठला न्हाय."

इतक्या वर्षांचा शेजार. तिला मूल होतं, हेच मला ठाऊक नव्हतं. ती शांताजवळ भिंतीला टेकून बसली आणि पदरानं तिचं तोंड पुसू लागली.